प्राध्यापकांना बडोदे दाखवायचे तर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, आतून प्रसादाचा वास येतो आहे आणि मधे आम्ही उभे आहोत. तेव्हा वेळेचे भान ठेवून बोलतो.

आधी एक खुलासा. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. आम्ही म्हणजे मंडळातले चौघे. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेत चित्रकला शिकवणारे, एकांचे औषधांचे दुकान आहे, आणि चौथा आपल्यासमोर बोलतो आहे तो, राज्य सरकारच्या नोकरीतला, स्थापत्याचा डिप्लोमा झालेला. पदवीसुद्धा नाही. त्यामुळे कॉलेजच्या प्राध्यापकांना इतिहास कुठे नेऊन दाखवावा आणि त्याचा खर्च कोणी करावा, यावर आम्ही बोलणे हे जरा धाडसच आहे. पण चौघांच्या वतीने बोलायचे ठरले आहे, म्हणून शेवटपर्यंत 'आम्ही'च म्हणणार.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो पुरामुळे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री घराघरांत शिरली, ते इथे कोणाला सांगायला नको. आमच्या घरी जिन्याखाली पणजोबांची एक लोखंडी ट्रंक होती. पणजोबा गायकवाडी नोकरीत होते. ट्रंकेत कापडात बांधलेले कागदांचे रुमाल होते, बहुतेक मोडीत. घरात मोडी कोणालाच येत नाही. दसऱ्याला ट्रंकेला झेंडूचे फूल वाहायचे आणि परत जिन्याखाली सारायची, एवढाच तिचा-आमचा संबंध. पाणी चढायला लागले तेव्हा आम्ही काय वर नेले? फ्रिज, टीव्ही, मुलीची पुस्तके, गॅसची शेगडी. ट्रंकेची आठवण कोणालाच झाली नाही. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत चिखल आणि कागदाचा लगदा. एकेक पान सुटे करून पंख्याखाली वाळवायचा प्रयत्न केला. शाई उतरून गेली होती. आईने तो लगदा कचऱ्यात टाकू दिला नाही. तुळशीच्या कुंडीत घालून वर माती टाकली.

आता यातली खरी बोच सांगतो. आमच्या घरापासून चार घरे सोडून एक प्राध्यापक राहतात. बी.ए., एम.ए. च्या मुलांना ते मराठ्यांचा इतिहास शिकवतात. गुजराती आहेत, सज्जन आहेत, वीस वर्षांची ओळख आहे. पुरानंतर एकमेकांच्या घरचा गाळ काढताना ट्रंकेचा विषय निघाला, तेव्हा ते तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "भाई, एकदा तरी सांगायचे होते." आम्ही सांगितले नव्हते, कारण आम्हाला ते कागद म्हणजे घरची अडगळ वाटत होती. आणि त्यांनी विचारले नव्हते, कारण अशा ट्रंका गल्लीगल्लीत आहेत हे त्यांच्या शिक्षणात त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही चौघे शोधत गेलो, की शिक्षकांना गावाचा इतिहास गावातच नेऊन शिकवण्याची काही रीत कुठे आहे का. आहे. अमेरिकेत आहे. अमेरिकेचे नाव काढले की आपले काही काका नाक मुरडतात, त्यांना आधीच आठवण करून देतो. आपल्या महाराजांनी १९१० साली ग्रंथालये उभी करायला विल्यम बॉर्डन नावाचा माणूस अमेरिकेहूनच बोलावला होता. सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या जमिनीवर लहानपणी आपण सगळेच बिचकत चाललो आहोत.

तिथे 'नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' नावाची सरकारी संस्था १९६५ पासून आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांना ती अनुदान देते. तिची एक योजना होती, नाव 'लँडमार्क्स ऑफ अमेरिकन हिस्टरी अँड कल्चर'. शिक्षकांनी साधारण आठवडाभर एखाद्या ऐतिहासिक गावी राहायचे, सकाळी जाणकारांचे ऐकायचे, दुपारी प्रत्यक्ष जागेवर जायचे, संध्याकाळी त्या जागेचे मूळ कागद वाचायचे, आणि परत जाताना आपल्या वर्गासाठी एखादा पाठ तयार करून न्यायचा. एका तुकडीत साधारण ३६ जण. शाळेच्या शिक्षकांसाठी वेगळे वर्ग आणि कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी वेगळे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, गावोगावची, सर्वसामान्य घरांतल्या मुलांची कॉलेजे. आमच्या डिप्लोमाच्या जातकुळीतली म्हणा ना!

एक उदाहरण देतो. जॉर्जिया राज्यात सव्हाना हे जुने बंदर आहे. तिथल्या जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीने कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी असे वर्ग चालवले. विषय होता त्या किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती. भातशेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे, त्यांच्या वंशजांची समुद्राकाठची बेटे, त्यांची वेगळी बोली. देखणे गाव आहे, पर्यटक घरे आणि चौक बघायला जातात. पण त्याच गावात प्राध्यापकांना मुद्दाम बोलावून त्या घरांमागे कोणाचे कष्ट होते हे दाखवायचे, आणि सरकारने त्याला पैसे द्यायचे, हे आम्हाला फार मोठे वाटले. याच्याशी आपला संबंध काय, त्याकडे पुढे येतो.

या अनुदानातला एक मुद्दा आमच्यातल्या बँकवाल्या मित्रांना पहिल्यांदा पटेना. पैसे नुसते व्याख्याते आणि बस यांना नव्हेत, तर येणाऱ्या प्रत्येक शिक्षकालाही ठराविक रक्कम मिळायची. "शिकायचे त्यांनी आणि वर पैसे आपण द्यायचे?" त्यांना आम्ही शेजारच्या प्राध्यापकांकडेच नेले. ते म्हणाले, माझे सोडा, मी कायम नोकरीत आहे. पण आमच्या विभागात तासावर शिकवणारी पोरे आहेत. तास बुडला की पैसे बुडाले. ती पाच दिवस कुठून येणार? आणि मुलांच्या सगळ्यात जवळ तीच आहेत. यावर बँकवाले गप्प झाले. आज ती रक्कम अंदाजपत्रकात घालण्याचा आग्रह त्यांचाच आहे.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने याच संस्थेची एक हजाराहून अधिक अनुदाने मधेच रद्द केली. मंजूर झालेली, कामे चालू असलेली. सगळा भार सरकारी पैशावर टाकला की असे होऊ शकते. आम्ही स्वतः सरकारी पगार खातो, त्यामुळे हे सांगताना जीभ थोडी अडखळते. पण खरे आहे.

आपल्याकडे काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाचे उजळणी वर्ग आहेत. १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे त्यासाठी निघाली, नावे बदलत बदलत आता मालवीय मिशन झाले आहे. पदोन्नतीला प्रमाणपत्र लागते, त्यामुळे वर्ग भरलेले असतात. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद १९७२ पासून आहे, तीही चर्चासत्रे आणि कार्यशाळांना मदत करते. आमची तक्रार एवढीच आहे, की हे बहुतेक सगळे खोलीत होते. पंखा, पडदा, प्रोजेक्टर, दुपारी जेवण, शेवटी गट फोटो. खोलीबाहेर बस नेण्याची कल्पना कागदावर आली की ती कार्यशाळा राहत नाही, सहल होते.

याचा अनुभव आम्ही घेतला. एका कॉलेजच्या मार्फत आम्ही तीन दिवसांचा प्रस्ताव एका कार्यालयात दिला. नाव सांगत नाही, तिथली माणसेही आमच्यासारखीच नियमाने बांधलेली आहेत. सात महिन्यांनी प्रस्ताव परत आला. शेरा असा, की भेटींचा खर्च सहल या सदरात मोडतो आणि सहलीचे हेड विद्यार्थ्यांसाठी आहे, अध्यापकांसाठी नाही. चूक आमचीही होती. आम्ही खर्चाच्या रकान्यात 'बसभाडे व नाश्ता' असे सरळ लिहिले होते. सव्वीस वर्षे सरकारी फायली हाताळून ज्याला 'क्षेत्रकार्य व अनुषंगिक खर्च' असे लिहायचे सुचले नाही, त्याला काय म्हणावे?

मग आम्ही चौघांनी पदरचे पैसे घातले आणि एका रविवारी एकच दिवस घेतला. शहरातल्या आणि आसपासच्या कॉलेजांतून १९ प्राध्यापक आले. मांडवीपासून निघालो, लहरीपुरा, न्यायमंदिर, खंडेराव मार्केट असे उरकत गेलो. हे भाग सगळ्यांनी पाहिलेले असतात, तिथे फार थांबलो नाही. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत, तिथे आमच्या चित्रकलेच्या सरांना आवरावे लागले.

खरे थांबलो ते आजव्याला. आजवा म्हटले की आपल्याला बाग आणि कारंजी आठवतात. आम्ही सगळ्यांना बांधावर नेले. इथे आमचा डिप्लोमा कामाला आला, तेवढी बढाई मारू द्या. सूर्या नदीचे पाणी अडवणारा हा मातीचा बांध आणि शहरापर्यंतची नळयोजना १८९२ साली सुरू झाली. तेव्हा शहराची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या उताराने शहरात येते, पंपाची गरज नाही. ज्याने जागा निवडली त्याने नुसता खड्डा शोधला नव्हता, मैलोन्‌मैल जमिनीचे चढउतार मोजून काढले होते. आज संगणकावर दहा मिनिटांत निघणारा उतार त्या लोकांनी दुर्बीण, साखळी आणि पायांनी काढला. हे बांधावर उभे राहून, हात करून दाखवता येते. वर्गात फळ्यावर रेघ मारून नाही दाखवता येत. आम्ही तसा प्रयत्न केला आहे.

आणि त्याच बांधाचे ६२ दरवाजे. दर पावसाळ्यात आपण सकाळी पेपर उघडून पहिल्यांदा आजव्याची पातळी आणि काळाघोडा पुलाची पातळी बघतो. एका तरुण प्राध्यापिकेने, तासावर शिकवणाऱ्याच त्या, तिथे विचारले, "ज्या तळ्याने शहराला पाणी दिले, त्याच तळ्याचे सोडलेले पाणी आमच्या घरात येते. मधल्या काळात नदीकाठाचे काय काय झाले, ते आपण कोणत्या पेपरात शिकवतो?" कोणी काही बोलले नाही. त्यांचाही तळमजला बुडाला होता. पुढे त्यांनी आपल्या मुलांना तोच प्रकल्प दिला. मुलांनी घरोघर जाऊन पूर किती फूट आला त्याच्या भिंतीवरच्या खुणा मोजल्या आणि आजी-आजोबांकडून आधीच्या पुरांच्या हकीकती लिहून घेतल्या. त्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. एका दिवसाच्या बसभाड्यातून एवढे निघाले.

परतताना सयाजीबागेत थांबलो. आणि इथे आमच्यातच वाद झाला, तो लपवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले हे आपण अभिमानाने सांगतो. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी सरायीत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी याच बागेत, तेव्हाच्या कामाठीबागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

औषधवाले आमचे मित्र म्हणाले, "पाहुण्यांसमोर हे कशाला? आपण महाराजांचे बडोदे दाखवायला निघालो आहोत." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि गावाने खोली दिली नाही. त्या गावात आपलेही पणजोबा होते. कचेऱ्यांत बसणारी मंडळी बरीचशी आपलीच होती. झाडाखाली उभे राहून फक्त शिष्यवृत्तीची गोष्ट सांगितली असती, तर ते १९ प्राध्यापक आपल्याला काय म्हणाले असते? सव्हानाचे उदाहरण घेतले ते यासाठी. शेवटी आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या. औषधवाले मित्र आज समोर बसले आहेत. त्यांचे मत अजून तेच आहे आणि आमची मैत्रीही तशीच आहे.

दिवसाचा शेवट दांडिया बाजारातल्या एका घरी, शेव-उसळीवर. त्या घरच्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. वडिलांनी त्यांना लहानपणी मोडी शिकवली होती. घरातला एक जुना कागद आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. भिंग घेऊन त्या वाचायला लागल्या. सगळे माना पुढे करून बसलेले. आम्हाला वाटले काही तरी राजकारण निघणार. निघाले काय, तर लग्नासाठी उसनी नेलेली तीन मोठी पातेली अजून परत आली नाहीत, आणि त्यातल्या एकाचे कान तुटल्याचे कळले आहे, तरी भरपाई मिळावी! आजीच हसत सुटल्या. प्राध्यापकांनी फोन काढून फोटो घेतले. बावीस वर्षे पेशवे-गायकवाड तह शिकवणारे एक सर तो कागद हातात धरून म्हणाले, "आ तो अमने कोईए बताव्युं ज नथी." मोडीचा खरा कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता.

आणि हे ज्या शहरात झाले, तिथे रियासतकार सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत नोकरीला होते. ते आणि जदुनाथ सरकार लढायांच्या जागा स्वतः जाऊन पाहत, कागदातला मजकूर जमिनीशी ताडून बघत. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१६ साली बडोद्यावर अहवाल लिहिला, तोही गाव पायाखाली घालून. ही रीत आपल्याकडे होतीच. तिला पैसे पुरवणारा राजा होता, तो आता नाही.

म्हणून मंडळापुढे आमची मागणी आहे. पाच दिवसांचा वर्ग, २४ प्राध्यापक, दिवाळीच्या सुट्टीत. बस ४० हजार. जेवणखाण, आम्ही धरून तीस माणसांचे, ३७ हजार ५००. मोडी शिकवणाऱ्यांचे मानधन, व्याख्यात्यांचा प्रवास आणि कागदांच्या प्रती मिळून ५० हजार. प्रत्येक प्राध्यापकाला ३ हजार, म्हणजे ७२ हजार. बाहेरगावच्यांची राहण्याची सोय ३० हजार. किरकोळ २० हजार. बेरीज २ लाख ४९ हजार ५००. बँकवाल्यांनी तीनदा तपासली आहे.

यातले निम्मे मंडळाने द्यावे, एक चतुर्थांश आम्ही वर्गणीतून जमवतो, आणि उरलेल्यासाठी कॉलेजांकडून पुन्हा सरकारी अर्ज करू. या वेळी रकाने नीट भरू. सरकारचे पैसे आले तर ते पुढच्या वर्षीच्या वर्गाला ठेवायचे. म्हणजे मधेच थांबले तरी चालू वर्ग बुडणार नाही. हिशेब मंडळाच्या लेखापरीक्षकांकडून तपासून नोटीस बोर्डावर लावू.

कार्यकारिणीत एक प्रश्न आला, की हा पैसा आपल्या मराठी मुलांवर का खर्च करू नये, गुजराती प्राध्यापकांवर का? प्रश्न रास्त आहे. आपली मुले कोणाच्या वर्गात बसतात ते बघा. आमची मुलगी बी.ए. ला आहे. तिला गायकवाडांचा इतिहास शिकवणाऱ्या मॅडम भरूचच्या आहेत, उत्तम शिकवतात. आपल्या घरांतले कागद त्यांनी पाहिले नाहीत तर त्या तेच शिकवणार जे पुस्तकात आहे, आणि आपली मुलगी तेच लिहून येणार. आम्ही तिला ट्रंकेतले शिकवू शकलो नाही. ट्रंकही गेली.

आता प्रसादाआधी एक काम. ज्यांच्या घरी मोडीचे रुमाल, जुन्या सनदा, हिशेबाच्या वह्या, जुने फोटो असतील त्यांनी दाराजवळच्या टेबलावर नाव आणि घरचा मजला लिहून जावे. मजला मुद्दाम विचारतो आहोत. तळमजल्यावर असतील तर आज रात्रीच वरच्या मजल्यावर हलवा, कोरड्या सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. कागद तुमचेच राहतील. आम्ही घरी येऊन फोटो काढू. मोडी वाचता येणारे कोणी असतील, त्यांनी आम्हाला आजच भेटावे. आजींना एकटीला हे सगळे झेपणार नाही.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला मांडवीखाली जमू. त्या दिवशी प्राध्यापक नाहीत, फक्त मंडळाचे सभासद. चपला चालण्याच्या घाला.